बुधवारच्या शेवया

आमच्या घरी बुधवारी शेवया होतात. गेली वीस वर्षं होतात. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायच्या कारखान्यात मी कामाला आहे, आणि कारखान्याची बस मला साडेपाचला कोपऱ्यावर सोडते. सहा वाजून पाच मिनिटांनी ताटल्या टेबलावर असतात. मधल्या वेळात जे शिजतं त्याला इथे, मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या साल्तियो शहरात, फिदेओ म्हणतात. बोटाच्या पेराएवढ्या तुटक्या बारीक शेवया, बीफचा खिमा आणि टोमॅटोचा रस्सा. गल्लीतल्या प्रत्येक बाईला वाटतं की खरा फिदेओ फक्त तिलाच जमतो. मला नुसतं वाटत नाही, मला ते ठाऊक आहे.

खिमा आधी वेगळा परतायचा, त्याच्याच चरबीत, पाणी आटून तो चरचरायला लागेपर्यंत. दुसऱ्या पातेल्यात तेल आणि कोरड्या शेवया. इथे बाई कळते. शेवया भाजताना दार वाजो, फोन येवो, घराला आग लागो, जागचं हलायचं नाही. सोनेरी झाल्या की अजून जरा थांबायचं, बदामी झाल्या की क्षणभरही थांबायचं नाही. चार शेवया काळ्या पडल्या तरी सगळं पातेलं कडू होतं, आणि मग वरून कितीही चीज किसा, लपत नाही. टोमॅटो, कांदा, लसूण कच्चेच मिक्सरमधून काढायचे, चिमूटभर जिरं घालायचं, आणि तो रस्सा शेवयांवर ओतायचा. आवाज असा होतो की शेजारी कळतं. मग खिमा ढकलायचा, झाकण ठेवायचं आणि ढवळायचं नाही. आठ-नऊ मिनिटं. तेवढ्यात मी कारखान्याचे बूट काढते, तोंड धुते आणि तोर्तिया, म्हणजे आमच्या पोळ्या, गरम करायला घेते.

पहिली ताटली मात्र आमच्या टेबलावर येत नसे. ती शेजारी जायची, ग्रिसेल्दाकडे.

ग्रिसेल्दा आणि मी पहिलीपासून एका बाकावर. एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढल्यात, एकमेकींच्या खोट्या सह्या केल्यात. तिने लग्न केलं नाही, घरीच शिवणकाम करते. आमच्या दोघींच्या घरांत एक भिंत आहे आणि त्या भिंतीतून तिचं मशीन दिवसभर ऐकू येतं. माझी मुलगी यारेली झाली तेव्हा बाप्तिस्म्याच्या पाण्यावर तिला धरलं ते ग्रिसेल्दाने. त्या दिवसापासून ती यारेलीची माद्रिना झाली, म्हणजे धर्माची आई, आणि माझी कोमाद्रे. चर्चमध्ये जाताना आम्ही दोघी ‘अगं’ ‘तू’ करत गेलो आणि येताना एकमेकींना ‘तुम्ही’ म्हणत आलो. पहिला महिना हसू आवरायचं नाही. पण रीत ती रीत. एका लेकराच्या दोन आया झाल्यावर एकमेकींना वाटेल तसं बोलायचं नसतं.

ताटलीचीही रीत आहे. माझी निळ्या काठाची ताटली भरून जायची आणि दुसऱ्या दिवशी काही ना काही घेऊन परत यायची. कधी भाजलेलं रताळं, कधी मक्याच्या पिठाच्या वड्या, घरात काहीच नसलं तर चार लिंबं. एकदा तिच्याकडे खरंच काही नव्हतं, तेव्हा तिने चिमूटभर मीठ घालून पाठवलं होतं. शेजारच्या घरी ताटली रिकामी पाठवायची म्हणजे आपलं-तुमचं संपलं असं तोंडावर सांगायचं. आमच्या गल्लीत लोक भांडतात, कोर्टात जातात, पण ताटली रिकामी पाठवत नाहीत.

आता त्याच्याबद्दल सांगायलाच हवं. माझा नवरा एव्हारिस्तो ट्रेलर चालवायचा. दक्षिणेकडच्या ताबास्कोचा माणूस, केळीच्या बागांमधला. यारेली तीन वर्षांची असताना एका फेरीला गेला आणि परत आला नाही. अपघात झाला असेल म्हणून मी सहा दिवस दवाखान्यांना फोन करत बसले. सातव्या दिवशी त्याच्या बहिणीने सांगितलं की तो सुखरूप आहे, तिकडे ताबास्कोत, विलाएर्मोसाला आहे, आणि तिथे त्याचं घर आहे. ‘घर’ हा शब्द तिने जरा दाबूनच उच्चारला. त्यानंतरचे चार महिने ग्रिसेल्दा रोज माझ्याकडे येऊन राहायची. मला जेवायला लावायची, यारेलीची वेणी घालायची. तेव्हा ती माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली होती, “कोमाद्रे, तो परत आला ना, तर सगळ्यात आधी माझ्या दाराची कडी लागेल. पाण्याचा घोट मिळायचा नाही त्याला माझ्याकडे.” मी तो शब्द जपून ठेवला होता. माझी माणसं मोजायला एका हाताची दोन बोटं पुरत होती. एक लेक, एक कोमाद्रे.

यंदा ऑगस्टमध्ये ग्रिसेल्दाने भिंतीपलीकडून हाक मारली.

“कोमाद्रे, बुधवारची ताटली जरा भरून पाठवाल का? हल्ली संध्याकाळी भूक खवळते माझी.”

“या वयात भूक खवळते म्हणजे लक्षण बरं नाही. कुणाला लपवून ठेवलंयत की काय घरात?”

ती हसली. मी तिच्यापेक्षा जास्त हसले. आज ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

मी पाव किलोऐवजी अर्धा किलो खिमा आणायला लागले, शेवयांची एकाऐवजी दोन पाकिटं फोडायला लागले. त्याच सुमारास ताटलीतून केळी यायला लागली. कधी पिकलेली चार-पाच, कधी तळलेले काप साखर भुरभुरून. ग्रिसेल्दाला केळ्याचा वाससुद्धा चालत नाही, शाळेत डब्यात केळं निघालं की ती जागा बदलायची. मी विचारलं तर म्हणाली, “एक गिऱ्हाईक आणून देतं. पँट आखूड करून घेतं, पैशांबरोबर केळी देतं. टाकू कुठे? पोरीला होतील.” मी विश्वास ठेवला. तिच्यावर नाही ठेवायचा तर मग कुणावर ठेवायचा, पोपवर?

यारेली आता सतरा वर्षांची आहे. बुधवारी कॉलेज लवकर सुटतं, तेव्हा ती शिवण शिकायला माद्रिनाकडे जायची, सहाच्या आत घरी यायची, ताटली नेऊन द्यायची आणि मग जेवायला बसायची. नोव्हेंबरातल्या त्या बुधवारीही सगळं तसंच झालं. हवा गार होती, मी खिडकी लावून घेतली होती, शेवया अगदी जशा हव्यात तशा उतरल्या होत्या. ती ताटली देऊन आली, समोर बसली, वर चीज घातलं. कॉलेजातल्या कुठल्याशा मास्तरची नक्कल करत होती. करता करता तिने टोपलीतलं एक केळं घेतलं, सोललं आणि चमच्याच्या कडेने त्याच्या चकत्या पाडून शेवयांवर ठेवल्या. कडेकडेने, एकेक, गोलाकार. मग एक चमचा शेवया आणि त्यावर एक चकती, असा घास घेतला.

मी हातातली तोर्तिया तव्यावरच विसरले.

आमच्या उत्तरेत असं कुणी खात नाही. लग्नानंतर पहिल्यांदा एव्हारिस्तोने माझ्या शेवयांवर केळं कापलं तेव्हा मला वाटलं, हा माझी थट्टा करतोय. मी रडले होते. त्याने शपथ घेतली की ताबास्कोत सगळे असंच खातात, आणि पाच वर्षं माझ्यासमोर बसून तसाच खात राहिला. कडेकडेने, एकेक, गोलाकार. तो गेला तेव्हा ही पोर मऊ भात खात होती. तिला हे आठवणं शक्य नव्हतं.

“हे कुठे शिकलीस?”

“काय?”

“केळं.”

तिने ताटलीकडे बघितलं. त्या चकत्या दुसऱ्याच कुणी ठेवल्यात असं तिचं तोंड झालं. चमचा खाली गेला.

“माद्रिनाकडे.”

“ग्रिसेल्दा केळं खात नाही.”

“मग कॉलेजात कुणीतरी... आठवत नाही.”

“यारेली.”

“तू चिडणार नसशील तर सांगते.”

“मी चिडलेलीच आहे. सांग.”

तिने केसांची बट कानामागे सारली, पुन्हा पुढे ओढली. “ते येतात. बुधवारी.”

“ते कोण?” मला कळलं होतं. पण मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

“बाबा.”

चौदा वर्षांत हा शब्द या घरात कुणी उच्चारला नव्हता. आणि तिने तो इतक्या सवयीने उच्चारला की मला कळलं, बऱ्याच दिवसांचा सराव आहे.

“कधीपासून?”

“ऑगस्टपासून. केळी घेऊन सरहद्दीवर लारेदोला जातात, ट्रेलर पेट्रोलपंपावर लावतात आणि दोन तास येतात. नुसतं बसतो गं आम्ही. बोलतो.”

“कुठे बसता?”

तिने भिंतीकडे बघितलं. पलीकडे मशीन बंद होतं. बुधवारी या वेळेला ते बंद असतं हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं.

“आत्ता आहे तो तिथे?”

तिने मान हलवली.

“आणि तू आत्ता जी ताटली नेऊन दिलीस...”

ती रडायला लागली. “त्यांना तुझ्या हातचं आवडतं, आई. म्हणतात, अख्ख्या रस्त्यात असं कुठे मिळत नाही.”

कुणाला वाटेल, नवरा परत आला, लेक त्याला चोरून भेटली, म्हणून माझ्या काळजाला घरं पडली. पडली, नाही असं नाही. पण मला त्या क्षणी वेगळंच दिसत होतं. दर बुधवारी मी आठ तास शिवून घरी येते, बूटही न काढता पातेल्यापुढे उभी राहते, आणि जागची हलत नाही. का, तर त्याच्या शेवया करपू नयेत म्हणून. चौदा वर्षं ज्या माणसाला मी शिव्यांखेरीज काही दिलं नव्हतं त्याला मी ऑगस्टपासून दर बुधवारी गरमागरम वाढत होते, वरून चीज किसून, झाकून, माझ्याच पोरीच्या हातून. आणि हे सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून.

मी तवा उतरवला, एप्रन काढला आणि बाहेर पडले. दोन घरांत अठरा पावलं आहेत. तेवढ्यात मी शिव्यांची जुळणी केली. त्याच्यासाठी आईवरून, तिच्यासाठी देवावरून. दार नुसतं लोटलेलं होतं. मी ते ढकललं.

एव्हारिस्तो टेबलाशी बसला होता. पोट सुटलं होतं, मिशी पांढरी झाली होती, अंगात ड्रायव्हर लोकांचं चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. पुढ्यात माझी निळ्या काठाची ताटली, काठाला केळ्याच्या चकत्या. चमचा तोंडात होता.

आणि माझ्या तोंडून निघालं, “सावकाश होऊ द्या.”

काय करणार? जेवत्या माणसासमोर गेलं की तेच म्हणायचं, हे आईने इतकं घोटून घेतलंय की पोलीस धरायला आला तरी आधी तेच म्हणेन. त्याचीही तीच गत. घास तोंडात, अर्धवट उठलेला, आणि म्हणतो, “या, जेवायला या.”

माझ्याच शेवया आणि मलाच आग्रह.

जुळवलेल्या शिव्या सगळ्या कुठल्या कुठे गेल्या. ग्रिसेल्दा मशीनपाशी उभी होती, गळ्यात मापाची पट्टी. तिचा चेहरा खडूसारखा झाला होता.

“कोमाद्रे,” ती म्हणाली, “बसा तरी.”

“तू म्हणाली होतीस, पाण्याचा घोट देणार नाहीस.”

तिने मापाची पट्टी घट्ट धरली. सतरा वर्षांत मी तिला ‘तू’ म्हटलं नव्हतं. एव्हारिस्तोलाही ते कळलं. तो चमचा खाली ठेवून उठायला लागला.

“तू बस,” मी त्याला म्हटलं. “संपव ते. भरल्या ताटावरून उठवत नाही मी कुणाला, तुलासुद्धा नाही.”

तो बसला.

“पोर माझ्याकडे आली,” ग्रिसेल्दा म्हणाली. “जूनमध्ये. तिथेच त्या खुर्चीत बसून रडली. म्हणाली, माद्रिना, मला एकदा त्यांना बघायचंय, नुसतं बघायचंय. त्याच्या बहिणीचा नंबर होता माझ्याकडे. काय करायला हवं होतं मी?”

“मला सांगायला हवं होतंस.”

“तुम्ही नाही म्हणाला असता.”

“म्हणालेच असते. तो माझा हक्क होता.”

“आणि तिचा?”

ती तिथे थांबली असती तर बरं झालं असतं.

“देवासमोर मीही आई झालेय तिची,” ती म्हणाली. “मला दुसरं आहे काय? तो आला की ती कशी हसायची ते तुम्ही पाहिलं नाहीत. एकदाच म्हणून बोलावलं होतं, शपथ. मग पुन्हा म्हणाली, मग पुन्हा. दर वेळी वाटायचं, पुढच्या बुधवारी कोमाद्रेंना सांगू.”

“भेटवायचं होतं, भेटवायचंस. पेट्रोलपंपावर भेटवायचंस, चर्चमध्ये भेटवायचंस. नाक्यावर टाको मिळतात, ते चारायचेस त्याला. माझ्या हातून का वाढवलंस? ताटली भरून पाठवा म्हणे. भूक खवळते म्हणे. मी हसले गं तुझ्याबरोबर.”

ती मापाची पट्टी बोटाभोवती गुंडाळायला लागली.

“मीच मागितलं, होविता,” एव्हारिस्तो टेबलावरून म्हणाला. “तिचा दोष नाही. बुधवारची फेरीही मीच मागून घेतली. म्हटलं, बुधवारी तू शेवया...”

“तू जेव.”

तो जेवला. आम्ही दोघी उभ्या, आणि तो मान खाली घालून जेवतोय. कुणाच्याही घरी इतकं शांत जेवण झालं नसेल. एकदा त्याला ठसका लागला तेव्हा ग्रिसेल्दाने सवयीने पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला आणि मग माझ्याकडे बघून तिचा हात तिथेच राहिला. शेवटी त्याने तोर्तियाच्या तुकड्याने ताटली पुसून घेतली. लाजेने असेल किंवा सवयीने. अन्न वाया घालवणारा तो कधीच नव्हता, वाया घालवली ती माणसं.

मी ताटली उचलली.

“थांबा,” ग्रिसेल्दा एकदम हलली. “थांबा कोमाद्रे, काहीतरी घालते. रिकामी नेऊ नका.” ती फळीकडे धावली आणि तिचा हात पडला तो केळ्यांच्या घडावर. तिथल्या तिथे तिने तो मागे घेतला. दुसरं काही हाताशी नव्हतं.

“पोरीला भेट,” दारातून मी त्याला म्हटलं. “तिने बोलावलं तर भेट. पण माझ्या चुलीवर पुन्हा डोळा ठेवू नकोस.”

सतरा वर्षांत माझी ताटली पहिल्यांदा रिकामी घरी आली. मीच ती घेऊन आले.

यारेली होती तिथेच बसलेली होती. शेवयांनी रस्सा पिऊन टाकला होता, केळं काळं पडलं होतं.

“आता जाऊ नको म्हणशील मला.”

“जा. बाप आहे तुझा. पण सांगून जा. चोरून गेलीस तर मी काय म्हणून घरी यायचं?”

“आणि माद्रिना?”

“ती तुझी आहे. देवासमोर घेतलंय तिने तुला, ते मोडणारी मी कोण?”

“आणि तुझी?”

मी तवा पुन्हा गॅसवर ठेवला. तोर्तिया जळून कोळसा झाली होती, ती खरवडत बसले.

तो आठवडा कसा गेला ते सांगत नाही. कारखान्यात माझ्या हातून सहा कव्हरं उलटी शिवली गेली आणि सुपरवायझरने सगळ्यांसमोर उसवायला लावली. घरी आलं की भिंतीतून मशीनचा आवाज. आधी मला तो ऐकूच यायचा नाही, इतका सवयीचा. आता प्रत्येक टाका ऐकू यायचा. ती थांबली की मला वाटायचं, आता हाक मारेल. तिने मारली नाही, आणि मारली असती तर मी ओ दिली नसती. तरी कान तिकडेच.

बुधवारी खाटकाकडे गेले. त्याने न विचारता अर्धा किलो काढायला घेतला.

“पाव,” मी म्हटलं.

“का हो? कोमाद्रे आजारी आहेत?”

“ठणठणीत आहेत.”

घरी येऊन खिमा परतला, रस्सा वाटला. शेवयांचं पाकीट हातात घेतलं होतं, दुसऱ्या पाकिटाकडे गेलेला हात मी मागे घेतला होता, तेवढ्यात यारेली आली. तिच्या हातात ताटली होती, ग्रिसेल्दाची, पांढरी, मधे फूल असलेली. वर झाकायला ग्रिसेल्दाने स्वतः भरतकाम केलेला रुमाल.

“माद्रिनाने दिलंय. तुझ्यासाठी.” ती भराभर बोलत होती. “आज ते आलेच नाहीत तिच्याकडे. तिने त्यांना सांगितलं, इथे नको, बाहेर भेटा. मी बसस्टँडवर भेटून आले, तुला सकाळी सांगितलं होतं ना, तसं. माद्रिना दिवसभर हेच करत होती. दोनदा करपलं, टाकून दिलं. हे तिसऱ्यांदा.”

मी रुमाल उचलला. शेवया होत्या, खिमा घातलेल्या. ग्रिसेल्दाने उभ्या जन्मात शेवया केल्या नव्हत्या, करायची गरजच पडली नव्हती. रंग बरोबर होता. बदामी, एकही काळी नाही. म्हणजे तीही जागची हलली नव्हती.

माझं पाकीट मी कपाटात ठेवलं, खिमा झाकला. आम्ही दोघींनी तिच्या शेवया खाल्ल्या. मीठ जरा कमी होतं, बाकी चांगल्या झाल्या होत्या. खाताना माझे डोळे वाहायला लागले तेव्हा मी म्हटलं, कांदा झोंबतोय. कांदा केव्हाचा मिक्सरमधून निघाला होता.

मग मी ती ताटली घासली, फुलाच्या बारीक रेघांमधूनसुद्धा बोट फिरवलं, कोरडी पुसली आणि रुमालाची घडी घालून यारेलीच्या हातात दिली.

“नेऊन दे.”

ती ताटली धरून उभी राहिली, ओट्यावर बघत. “काय घालू?”

“काही नाही.”

“रिकामी?”

घरात काही नव्हतं असं नाही. आदल्या दिवशीच्या गोड पावातले तीन उरले होते, परतलेला खिमा होता, टोपलीत संत्री होती. चिमूटभर मीठ तर कुणाच्याही घरात असतं. मी ओटा पुसायला घेतला. ती दाराकडे गेली. जाता जाता टोपलीजवळ थांबली आणि माझ्याकडे पाठ करून, मला कळू नये अशा बेताने, दोन लिंबं उचलून रुमालाखाली ठेवली. ताटलीवर ती गडगडली, त्याचा आवाज झाला.

मी हात पुसले, तिच्यापाशी गेले, रुमाल बाजूला केला आणि दोन्ही लिंबं उचलून परत टोपलीत टाकली.

“आई,” ती म्हणाली.

“जा. गार होतंय बाहेर.”

ती गेली. अठरा पावलं. पलीकडचं दार उघडलं, बंद झालं. बोलण्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने फळीवर ताटली ठेवल्याचा आवाज आला, भिंतीतून स्पष्ट. मग यारेली परत आली, तिने वह्या काढल्या, मी उद्याचा डबा भरला. मशीन सुरू होईल म्हणून मी भिंतीशी उभी राहून वाट बघत होते. ते सुरू झालं नाही.